म्हसरूळ वेगळं, म्हसरूळ टेक वेगळं: रस्त्यांच्या आडनावांबद्दल थोडं

गेल्या श्रावणात आत्याच्या मिक्सरच्या भांड्याचं झाकण तडकलं. नवं मागवायचं काम माझ्याकडे आलं. एका अ‍ॅपवर पत्ता भरायला बसलो तर तिथे रस्त्याच्या नावापुढे एक सक्तीचा रकाना होता: रस्त्याचा प्रकार निवडा. यादीत स्ट्रीट, रोड, लेन, अ‍ॅव्हेन्यू. आत्या राहते म्हसरूळ टेकावर, जुन्या नाशकात. 'टेक' काही यादीत नव्हतं. मी वैतागून 'म्हसरूळ' लिहिलं आणि 'रोड'वर बोट ठेवलं.

दोन दिवसांनी आत्याचा फोन. पार्सलवाला पोरगा म्हसरूळला, गजपंथापाशी उभा होता. म्हणजे गोदावरी ओलांडून, दिंडोरी रोडने पाच-सहा किलोमीटर पुढे. "काकू, म्हसरूळच लिहिलंय ना?" असं तो म्हणत होता, आणि आत्या त्याला सांगत होती, "अरे बाळा, म्हसरूळ नाही, म्हसरूळ टेक!" त्यावर त्याने विचारलं, "टेक म्हणजे?"

प्रश्न रास्त होता. २०२७ च्या सिंहस्थाला लाखो माणसं हातात मोबाइल घेऊन या शहरात येतील आणि त्यांनाही पटांगण, कारंजा, टेक, नाका, आळी हे शब्द असेच अडतील. म्हणून हा लेख.

नाव आणि आडनाव

जागेच्या नावाचे बहुतेक वेळा दोन तुकडे असतात. रविवार पेठ घ्या. 'रविवार' हे तिचं स्वतःचं नाव; 'पेठ' हा तिचा प्रकार. नावांचा अभ्यास करणारे पहिल्याला विशेषनाम आणि दुसऱ्याला सामान्यनाम म्हणतात. आपण सोयीसाठी दुसऱ्याला आडनाव म्हणू.

आडनाव गाळलं तर काय होतं? बाजारातून आलेल्या माणसाने घरी नुसतं 'मेथी' म्हणावं, तसं. भाजी, लाडू की पराठा? रविवार पेठ आणि रविवार कारंजा या नाशकातल्या दोन निरनिराळ्या जागा आहेत. गंगापूर म्हणजे गाव, गंगापूर रोड म्हणजे त्या गावाकडे जाणारा रस्ता आणि आता त्याच्या दोन्ही अंगांची वस्ती, तर गंगापूर नाका म्हणजे त्याच रस्त्यावरचा एक ठिपका. यातला कुठला शब्द सुटला की माणूस भलतीकडे उतरतो.

मात्र आडनाव नुसतं ओळखीपुरतं नसतं. तिथली जमीन कशी होती, लोक काय करत, गाव कुठे संपत होतं, हे बऱ्याचदा त्यातच लिहिलेलं असतं. आळी म्हणजे ओळ: एका धंद्याची किंवा एका समाजाची समोरासमोर घरं. तांबट आळीत तांब्या-पितळेचं काम. पेठ म्हणजे बाजारासाठी वसवलेला भाग. पुरा म्हणजे मूळ गावाला जोडून वसलेली वस्ती. काजीपुरा, कोकणीपुरा, नाईकवाडीपुरा. वाडी म्हणजे आधी बाग किंवा छोटी वस्ती. मळा म्हणजे विहिरीच्या पाण्यावर भिजणारी जमीन. (आणि मळे परिसर म्हणजे बिबट्या दिसल्याची बातमी जिथून येते तो भाग, हे नाशिककरांना वेगळं सांगायला नको.)

आणि टेक म्हणजे टेकाड. जुनं नाशिक सपाटीवर नाहीच. नव शिखरांवर वसलं म्हणून नाशिक, असं काही जण सांगतात; शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नाशिक, असं बाकीचे. व्युत्पत्ती कुठलीही धरा, जुन्या गावातून सायकल चालवून बघा, टेकाडं पायांना कळतात. यातली सगळीच टेकाडं निसर्गाने केलेली नाहीत. मातीच्या गढीवर १९५०-५१ साली ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी उत्खनन केलं, तेव्हा एकाखाली एक जुन्या वस्त्यांचे थर निघाले. माणसं राहिली, घरं पडली, त्याच मातीवर पुन्हा घरं उठली आणि जमीन चढत गेली.

रोड म्हणजे रस्ताच, असं नाही

बाहेरच्या माणसाला सगळ्यात जास्त फसवणारं आपल्याकडचं आडनाव म्हणजे रोड. नाशिकरोड हा रस्ता नाही, ते गाव आहे. स्टेशन आहे, बाजारपेठ आहे, चौक आहेत, तिथल्या लोकांना 'तुम्ही नाशिकचे का' विचारलं तर 'नाही, नाशिकरोडचे' असं ठसक्यात उत्तर येतं. रेल्वे मूळ शहरापासून आठ-नऊ किलोमीटर लांबून गेली. अशा वेळी 'अमुक गावाला जायचा रस्ता इथून' या अर्थाने स्टेशनला रोड जोडायची रेल्वेची जुनी पद्धत होती. वसई रोड, आबू रोड, भिवंडी रोड ही सगळी त्याच कुळातली. स्टेशनभोवती वस्ती वाढली आणि पाटीवरचा रोड त्या वस्तीचं नाव होऊन बसला. जेलरोडचंही तेच, तिथे माणसं राहतात, रस्ता तर नुसता मधून जातो.

इंग्रजीतही रोड आणि स्ट्रीट एक नव्हेत. स्ट्रीटचं मूळ लॅटिनमध्ये, अर्थ फरसबंदी केलेली वाट. रोडचं नातं घोड्यावर बसून जाण्याशी. म्हणून गावातली घरं असलेली वाट ती स्ट्रीट, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी नेणारा तो रोड. लंडनचा जो मूळचा चिमुकला 'सिटी' भाग आहे, त्यात १९९४ पर्यंत एकही रोड नव्हता. त्या साली हद्दीत थोडा बदल झाला आणि गॉसवेल रोडचा एक तुकडा आत आला.

नाशिकचे जुने रोड हाच नियम पाळतात. त्र्यंबक रोड, पेठ रोड, दिंडोरी रोड, पुणे रोड: नावात जे गाव आहे ते त्या रस्त्याचं दुसरं टोक. इथे एक खोडी आहे. पेठ रोडमधली पेठ ही रविवार पेठेची बहीण नव्हे, ते पेठ नावाचं तालुक्याचं गाव आहे. म्हणजे पेठ नाक्यावर 'पेठ' हे नाव आणि रविवार पेठेत 'पेठ' हे आडनाव. पुण्याहून आलेला पाहुणा पेठ नाक्यावर उतरून पेठ शोधत बसला, तर त्याला हसू नका.

नाके जोडून बघा

हा खेळ मी पुतण्याबरोबर खेळलो, तुम्हीही खेळा. शहराचा नकाशा घ्या आणि नाका आडनावाच्या जागांवर पेन्सिलीने टिंब द्या. गंगापूर नाका, मखमलाबाद नाका, पेठ नाका, दिंडोरी नाका, आडगाव नाका, वडाळा नाका, मुंबई नाका. आता टिंबं जोडा. एक वेडंवाकडं कडं तयार होतं आणि जुनं नाशिक व पंचवटी बरोबर त्या कड्यात बसतात.

नाका म्हणजे येणारा-जाणारा माल अडवून तपासायची, कर घ्यायची जागा. ती गावाच्या तोंडाशीच असणार. जकात केव्हाच गेली. १९८२ साली महानगरपालिका झाली, नाशिकरोड-देवळाली, सातपूर आणि आसपासची खेडी आत आली, आणि हे नाके आज शहराच्या पार मध्यात पडलेत. मुंबई नाक्यावर संध्याकाळी सात वाजता अडकलेल्या माणसाला ही गावाची हद्द होती हे सांगून पटणार नाही. पण हद्द सरकली तरी शब्द जागचा हलला नाही.

फाट्याचंही असंच. मोठ्या रस्त्याला जिथे दुसरा रस्ता फुटतो तो फाटा. पाथर्डी फाट्यावर आज दुकानांची रांग आहे, तरी नाव सांगतं की एके काळी इथे उतरून पाथर्डीकडे वळायचं, एवढंच काम होतं.

पूल आहे, पण नदी कुठाय?

आता माझी आवडती जागा. मेनरोडवरून सराफ बाजाराकडे उतरताना दहीपूल लागतो. लागतो म्हणजे काय, कळतच नाही. दोन्ही बाजूंना दुकानं, मधे दुचाक्या, हातगाड्या. पुतण्याला तिथे उभं करून विचारलं, "पूल कुठाय सांग." त्याने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. शेवटी शेजारच्या दुकानदाराला विचारलं. तो मापाची पट्टी खाली ठेवत म्हणाला, "त्याच्यावरच उभा आहेस की."

खालून सरस्वती नाला वाहतो. वर झाकण पडलं, रस्ता झाला, बाजार भरला. एरवी त्याची कुणाला आठवण नसते. जोराचा पाऊस झाला की मात्र दहीपूल, सराफ बाजार, भांडी बाजार या भागात पाणी भरतं आणि दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवू लागतात. बातम्यांत तेव्हा 'बाजारपेठेत पाणी शिरलं' असं येतं. मला ते वाक्य जरा उलटं वाटतं. पाणी तिथलंच आहे, बाजार नंतर आलाय. आणि हे तिथल्या नावात राजरोस लिहून ठेवलेलं आहे. घर किंवा गाळा घेताना लोक वास्तू बघतात, दिशा बघतात. जागेच्या आडनावात पूल, नाला, कुंड किंवा खळगा आहे का, हेही बघावं असं माझं मत आहे.

व्हेनिस शहरात यासाठी वेगळा शब्दच आहे. तिथल्या काही रस्त्यांच्या पाट्यांवर 'रिओ तेरा' असं असतं. अर्थ: बुजवलेला कालवा. म्हणजे कालवा गेला तरी पाटी त्याची आठवण मोडत नाही. त्याच शहरात मोकळ्या चौकाला 'कांपो' म्हणतात, म्हणजे शेत. पूर्वी तिथे गवत असायचं. 'पियाझा' हे मानाचं आडनाव मात्र एकट्या सेंट मार्कच्या चौकाला. आपल्या गोदाकाठची पटांगणं आठवा: गौरी पटांगण, म्हसोबा पटांगण, रोकडोबा पटांगण. पटांगण काही मैदान नव्हे आणि चौकही नव्हे. ते नदीचं अंगण आहे. पूर आला की नदी त्यात येऊन बसते, ओसरला की भाजी बाजार बसतो.

एका गावापुरती चालणारी आडनावं

काही आडनावं तर एका शहराच्या बाहेर सापडतच नाहीत. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात टूसान नावाचं शहर आहे. तिथे साधारण नियम असा की पूर्व-पश्चिम जाईल ती स्ट्रीट आणि उत्तर-दक्षिण जाईल ती अ‍ॅव्हेन्यू. मग काही रस्ते तिरके निघाले. त्यांना काय म्हणायचं? दोन्ही शब्द जोडून 'स्ट्रॅव्हेन्यू' केलं. विनोद वाटतो, पण अमेरिकेच्या टपाल खात्याच्या अधिकृत यादीत या आडनावाला स्वतःचं लघुरूप आहे.

इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये बहुतेक जुन्या रस्त्यांच्या शेवटी 'गेट' येतं: स्टोनगेट, कॉपरगेट. दरवाजा शोधायला जाल तर मिळणार नाही. ८६६ साली व्हायकिंग लोकांनी ते शहर घेतलं आणि त्यांच्या भाषेत 'गाटा' म्हणजे रस्ता. मग खऱ्या दरवाजांना काय म्हणतात? तर 'बार'. आपल्याकडे दिल्ली दरवाजा म्हटल्यावर तिथे दार असायची कुणी अपेक्षा करत नाही, तसंच काहीसं. अहमदाबादच्या 'पोळ' या शब्दाचा प्रवास आणखी मजेदार आहे. मूळ संस्कृत 'प्रतोली', म्हणजे वेशीचं दार; पुढे त्या दाराआडच्या सगळ्या वस्तीलाच पोळ म्हणू लागले. मराठी माणसाला पोळ म्हटलं की मोकाट वळू आठवतो, त्याला इलाज नाही.

लांब कशाला जा? तीन रस्ते भेटतात त्या जागेला कोल्हापुरात तिकटी म्हणतात: मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. सिंधुदुर्गात तोच तिठा होतो. आपल्याकडे चार रस्त्यांची चौफुली चालते. नागपूरला वस्तीला ले-आउट म्हणतात. बंगळुरूत 'मेन' आणि 'क्रॉस' यांवर आकडे टाकले की पत्ता झाला. सोलापुरात वेस, कोल्हापुरात तिची वेश. कोल्हापूरचा माणूस नाशकात येऊन तिकटी विचारू लागला तर रिक्षावाला त्याला नक्की तिकीट खिडकीवर नेऊन सोडेल.

'पण आता जीपीएस आहे की!'

हा पहिला आक्षेप, आणि तो निव्वळ आळशी नाही. मे २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन आणला, तेव्हा बऱ्याच जणांना वाटलं की पत्ता लिहायची कटकटच संपली. तो नेमका आहे काय?

१५ ऑगस्ट १९७२ पासून आपण वापरतो तो पिनकोड सहा आकडी आहे आणि तो एका टपाल भागापर्यंत नेतो. ४२२००३ म्हणजे पंचवटी, ४२२१०१ म्हणजे नाशिकरोड. डिजिपिन दहा अक्षर-आकड्यांचा आहे आणि तो थेट चार मीटर बाय चार मीटरच्या चौकोनापर्यंत पोचवतो. कसं? थाळीत वड्या पाडतो तसं. भारताच्या नकाशाची थाळी घ्या, चार उभ्या आणि चार आडव्या पट्ट्या करा; सोळा वड्या. प्रत्येक वडीला एक खूण. मग त्या वडीच्या पुन्हा सोळा. असं दहा वेळा केलं की उरलेला कण तुमच्या हॉलएवढा होतो.

हे खरोखर उपयोगी आहे, विशेषतः मळ्यातल्या एकट्या घराला, जिथे रुग्णवाहिकेला 'तिसऱ्या डीपीपासून डावीकडे' सांगावं लागतं. पण डिजिपिन वरून बघतो. तुम्ही कितव्या मजल्यावर आहात ते त्याला कळत नाही, जिना मागच्या बोळातून आहे तेही नाही. आणि तो तोंडाने सांगता येत नाही. फोनवर आजोबांनी दहा अक्षरं सांगायची, समोरच्याने हेल्मेटमधून ऐकायची, हा प्रयोग एकदा करून बघा. पिनकोडची जागाही तो घेत नाही, सोबत चालतो. तसाच तो 'टेक' आणि 'पटांगण' यांच्याही सोबत चालू शकतो.

'जातीची नावं तर जायलाच हवीत ना?'

हो. यात वाद नाही. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची आणि रस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला आणि समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली.

आडनाव जपा म्हणणाऱ्या माझ्यासारख्याला इथे थांबून विचार करावा लागतो. जातीपुढे लागलेला 'वाडा' हा शब्द निर्दोष नव्हता. गावाच्या कोणत्या बाजूला कुणी राहायचं, हेच तो सांगत होता. त्यामुळे तिथे नाव आणि आडनाव दोन्ही जाणं योग्यच. माझी तक्रार एवढीच की त्या जागी येणारं आडनाव दर वेळी 'नगर'च का असावं? टेकावरची वस्ती असेल तर समता टेक का नाही? नदीकाठी असेल तर क्रांती पटांगण का नाही?

कारण नगर आधीच फार झालेत. इंदिरानगर, गोविंदनगर, महात्मानगर, राणेनगर, लेखानगर, पवननगर, उत्तमनगर. नगर म्हणजे मुळात शहर. इथे चार बंगले आणि एक ओपन स्पेस असली की नगर होतं. ज्या आडनावाने काहीच कळत नाही ते आडनाव नसल्यातच जमा. त्यापेक्षा सिडको बरं. ते नाव नाही, आडनाव नाही, एका सरकारी कंपनीच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं आहेत; तरी 'सिडको, सहावी स्कीम' म्हटलं की रिक्षा बरोबर जाते.

'लेन, सर्कल, पॉइंट हे काय मराठी आहे?'

झालंय आता. घनकर लेन, हुंडीवाला लेन, तिळभांडेश्वर लेन यांतली लेन काढून गल्ली लिहिलीत तर जुना नाशिककरच चुकेल. भाषेत शब्द राहायला आला, भाडं भरलं, पोरंबाळं झाली. त्याला आता पाहुणा म्हणू नये. मायको सर्कलचं बघा. मायको कंपनी २००८ साली बॉश झाली, पाट्या बदलल्या. सर्कलवाल्यांना कुणी कळवलं नाही. मेहेर सिग्नल, एक्सलो पॉइंट, कॅनडा कॉर्नर, सगळ्यांना आम्ही आपलं म्हटलंय. मला खटकतात ती हाइट्स आणि व्हॅली. सपाट द्राक्षबागेवर उभी राहिलेली व्हॅली हे खोटं आडनाव आहे, मग ते इंग्रजीत असो की मराठीत.

मग पत्ता लिहायचा कसा?

आडनाव कधीच तोडू नका आणि फॉर्म मागतो म्हणून खोटं लावू नका. 'रस्त्याचा प्रकार' सक्तीचा असेल तर यादीतलं काहीही निवडा, पण खालच्या 'जवळची खूण' या रकान्यात पूर्ण नाव लिहा. एकाच नावाच्या दोन जागा असतील तर कुठली नव्हे तेही लिहा. पिनकोड दोनदा तपासा. पाहुण्याला फोनवर सांगताना आडनावापासून सुरुवात करा: "पटांगण विचार, मग गौरी सांग."

आत्याच्या झाकणाचं पुढे असं झालं. पार्सल परत गेलं, मी पुन्हा मागवलं आणि खुणेच्या रकान्यात लिहिलं: 'म्हसरूळ टेक, जुनं नाशिक. म्हसरूळ गाव नव्हे.' या वेळी तोच पोरगा बरोबर दारात आला, घामाघूम. गाडी खाली लावून चालत आला होता. "काकू, एवढा चढ आहे हे तरी लिहायचं ना."

आत्याने त्याच्या हातातलं खोकं घेतलं, चष्मा खाली ओढून चिठ्ठी वाचली आणि म्हणाली, "लिहिलंय की. हे काय, टेक. पाणी घेतोस का?"